एक ओहम, चौसष्ट वॅट

जुन्नर तालुक्यात डिसेंबर उजाडला की वायरमनच्या फोनवर दोनच तक्रारी येतात. पहाटे पाणी तापत नाही आणि रात्री मोटर उचलत नाही. नारायणगावजवळच्या एका वस्तीवरून त्या सकाळी आलेला फोन पहिल्या जातीचा होता. पंधरा लिटरचा गिझर, जेमतेम दोन वर्षांचा. आधी एक कारागीर येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला होता, दुसऱ्याने एलिमेंट बदललं होतं. पैसे दोघांनीही घेतले होते. पाणी मात्र अर्धा तास झाला तरी कोमटच, आणि अधूनमधून न्हाणीघरात जळकट वास.

"आता गिझरच नवा आणायचा का, तेवढं सांगा," मालकीणबाई दारातच म्हणाल्या.

वायरमनने पिशवीतून मीटर काढला. स्विच बंद केला, प्लग उपसला आणि एलिमेंटचा ओहम घेतला. पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला २००० ने भागलं की साडेसव्वीसच्या आसपास उत्तर यायला हवं. मीटरने २६.५ दाखवलं. एलिमेंट ठणठणीत. मग त्याने प्लग परत खोचून पिन आणि सॉकेट यांच्यामधला ओहम पाहिला. ०.३ आला. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढाच येतो, म्हणजे तो मीटरच्या वायरींचाच. मीटरच्या लेखी त्या घरात काहीही बिघडलेलं नव्हतं.

तिसरा एखादा कारागीर असता तर इथूनच परत फिरला असता. हा म्हणाला, "बाई, गिझर चालू करा. दहा मिनिटं तसाच राहू द्या. तोवर चहा घेऊ."

ही दहा मिनिटं थांबायची सवय त्याला लागायला बरीच वर्षं गेली होती.

आयटीआयमध्ये असताना ओहमचा नियम म्हणजे एक त्रिकोण होता. वर व्होल्ट, खाली डावीकडे अँपिअर, उजवीकडे ओहम. जे काढायचं असेल त्यावर अंगठा ठेवायचा, उरलेलं दिसतं: ओहम झाकला की व्होल्ट भागिले अँपिअर, व्होल्ट झाकला की अँपिअर गुणिले ओहम. असाच दुसरा त्रिकोण वॅटचा. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. त्याने ते दोन्ही त्रिकोण पाठ केले आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गणितं सोडवली. शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे भारदस्त शब्द होते. आयटीआयच्या शेडमध्ये तेच व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स झाले. हिशेब तोच होता, आणि तो येतो म्हणजे वीज कळली, असं त्याला १९९१ साली पास होताना खरंच वाटत होतं.

पास झाल्यावर तो आळेफाट्याकडच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. मालकांना सगळे वस्ताद म्हणत. दुकानात काट्याचा एक मल्टिमीटर, इन्सुलेशन तपासायचा एक मेगर आणि फडक्यात गुंडाळून ठेवलेला टाँग टेस्टर एवढी दौलत. नव्या पोराला पहिले तीन महिने जळलेल्या मोटरींतून वाइंडिंग ओढून काढायचं काम. हातांना वॉर्निशचा वास कायमचा. मीटर हातात मिळाला तो चौथ्या महिन्यात, आणि त्याच आठवड्यात त्याची फजिती झाली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्याने गंमत म्हणून शंभर वॅटच्या बल्बचा ओहम मोजला. ३८ आला. लगेच मनात त्रिकोण फिरला: २३० भागिले ३८ म्हणजे सहा अँपिअर. सहा गुणिले २३० म्हणजे जवळजवळ चौदाशे वॅट. शंभराचा बल्ब चौदाशे वॅट कसा खाईल? त्याने दुसरा बल्ब घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच. मग तो वस्तादांकडे गेला आणि म्हणाला, "बल्बचा अख्खा बॉक्सच खराब आलाय."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी बल्बच्या सिरीजमध्ये अँपिअरमीटर जोडला, बल्ब लावला आणि काटा बघायला लावला. ०.४३. आता २३० ला ०.४३ ने भाग, म्हणाले. उत्तर आलं ५३५ ओहम. वॅट आले ९९. बल्ब बरोबर होता, पाटीही बरोबर होती, मीटरही बरोबर होता. फरक एवढाच की पहिल्यांदा तार थंड होती आणि दुसऱ्यांदा ती अडीच हजार अंशांच्या घरात तापून पांढरी झाली होती. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध चौदा-पंधरा पटींनी वाढतो. बल्ब बहुधा बटण दाबण्याच्या क्षणीच का उडतो, तेही त्याला त्याच दुपारी कळलं. थंड तारेतून पहिला झटका सहा अँपिअरचा जातो. झिजलेली तार तो सोसत नाही.

"बैल दावणीला बघून घाटातला पळ सांगता येत नाही," वस्ताद म्हणाले. बैलगाड्यांचं वेड असलेल्या त्या भागात घाट म्हणजे शर्यतीची चढण, हे कोणाला सांगावं लागत नाही. दावणीचा ओहम आणि घाटातला ओहम, असे दोन शब्द त्या दिवसापासून दुकानात रुळले.

दावणीचा ओहम मीटर आपल्या बॅटरीवर मोजतो. आतून एक चिमूटभर करंट सोडतो आणि उत्तर देतो. वस्तू थंड असते, निवांत असते, तिच्यावर कसलाही भार नसतो. घाटातला ओहम मात्र मीटरच्या ओहमच्या खुणेवर मिळतच नाही. तो काढावा लागतो. वस्तू चालू ठेवायची, तिच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजायचे, तिच्यातून जाणारे अँपिअर मोजायचे आणि भागाकार करायचा. जॉर्ज सायमन ओहमने तरी दुसरं काय केलं होतं?

ओहमची गोष्ट या वायरमनने खूप पुढे वाचली आणि त्याला हा माणूस आपल्याच धंद्यातला वाटला. ओहम जर्मनीतल्या एर्लांगेनचा, १७८९ चा जन्म, कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज किती जाते ते मोजायला त्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे व्होल्टाची बॅटरी होती, आणि ती बॅटरी मोजता मोजता उतरायची. आपल्याकडच्या संध्याकाळच्या व्होल्टेजसारखीच. आकडे जुळेनात. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचा स्रोत वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर व्होल्टेज हलत नाही. तेवढ्या स्थिर पायावर उभं राहून त्याने १८२६ मध्ये मोजमापं छापली आणि १८२७ मध्ये पुस्तक काढलं. मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही, त्याने कोलोनची नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ साली. त्याच वर्षी इंग्लंडात जूलने तारेतल्या उष्णतेचा हिशेब छापला: करंटचा वर्ग गुणिले रोध. वायरमनचं पोट चालतं ते या दोघांच्या हिशेबांवर.

अर्थात चालू वस्तूवर मोजायचं म्हणजे जिवंत वायरीशी खेळ. वस्तादांचे नियम ठरलेले होते. पायात रबरी चप्पल, डावा हात खिशात, आणि पिना लावण्याआधी मीटरच्या तोंडाकडे एकदा बघायचं. तिसरा नियम त्याने एकदाच मोडला. अँपिअर मोजून झाले होते, लाल वायर मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकातच राहिली होती, आणि त्याने व्होल्ट बघायला पिना सरळ फेज आणि न्यूट्रलला टेकवल्या. फट्‌ असा आवाज झाला, पिनेचं टोक वितळलं, मीटर काळा पडला आणि भिंतीवरचा फ्यूज उडाला. डोळ्यांसमोर हिरवे ठिपके मिनिटभर नाचत राहिले. करंट मोजणाऱ्या मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, कारण त्याला करंटच्या वाटेत उभं राहायचं असतं आणि वाट अडवायची नसते. व्होल्ट मोजणाऱ्याचा रोध मेगओहममध्ये असतो, कारण त्याला बाजूला उभं राहून फक्त बघायचं असतं. शून्य ओहमने २३० व्होल्टला भागलं की काय होतं, हे गणिताच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. त्याच्या उजव्या अंगठ्यावर ती खूण अजून आहे. पुढच्या पगारातून वस्तादांनी मीटरचे पैसे कापून घेतले आणि त्यानंतर टाँग टेस्टर त्याच्या हाती दिला. तो वायरीभोवती नुसता कवटाळायचा असतो, वायर तोडावी लागत नाही.

चहा संपला. दहा मिनिटं झाली होती.

वायरमनने व्होल्ट तीनदा घेतले. गिझर लावायच्या आधी सॉकेटवर २२४ होते. गिझर चालू असताना सॉकेटच्या मागच्या वायरींवर २२० भरले, आणि गिझरच्या स्वतःच्या टर्मिनलवर २१२. टाँग टेस्टरने ८ अँपिअर दाखवले. त्याने मालकीणबाईंच्या लेकीला वही आणायला सांगितली. पोरगी नववीला होती आणि तिला 'धाराविद्युत' हा धडा त्याच वर्षी होता.

२१२ भागिले ८ म्हणजे साडेसव्वीस. घाटातला ओहम दावणीइतकाच. एलिमेंटमधली नायक्रोमची तार बल्बसारखी बदलत नाही, तापली तरी तिचा रोध जवळपास तेवढाच राहतो. म्हणून तर ती वापरतात. म्हणजे एलिमेंट खरंच ठीक होतं. पण २२० आणि २१२ यांच्यामध्ये ८ व्होल्ट कुठे गेले? मध्ये होता फक्त प्लग आणि सॉकेट. ८ व्होल्ट भागिले ८ अँपिअर, एक ओहम. मघाशी मीटरने ज्या सांध्याला शून्याच्या बरोबरीला बसवलं होतं, तिथे एक ओहम बसलेला होता. आणि ८ गुणिले ८, चौसष्ट वॅट त्या सांध्यात जळत होते.

"चौसष्ट म्हणजे लहान बल्बएवढेच ना?" पोरीने विचारलं.

तेच तर. बल्ब काचेच्या फुग्यात असतो, त्याला उष्णता सोडायला जागा असते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची असते आणि ती शिसं-कथील वितळवते. इथे तशा अडीच इस्त्र्या पिनेच्या वाटाण्याएवढ्या टेकलेल्या भागात कोंबलेल्या होत्या. जळकट वास तिथलाच.

वायरमनने वहीत दुकानदारासारखा जमाखर्च मांडला. घराच्या वीजमीटरकडून आले २२४ गुणिले ८, म्हणजे १७९२ वॅट. त्यातले गिझरला मिळाले १६९६. प्लगमध्ये गेले ६४. उरले ३२, ते भिंतीतल्या वायरींत गेले, कारण २२४ चे २२० होताना तिथेही अर्धा ओहम लागला होता. जमा आणि खर्च बरोबर जुळले. गंमत अशी की वायरींतले ते ३२ वॅट निरुपद्रवी होते. ते तीस-चाळीस मीटर तांब्यात पसरलेले, कुठेही हात लावला तरी कळणार नाहीत. त्याच्या दुप्पट वॅट एका ठिपक्यावर जमा झाले की घर पेटायला पुरे.

प्लग उपसला तेव्हा कारण समोरच आलं. गिझरची जाड पिन होती सोळा अँपिअरची आणि भिंतीत सॉकेट होतं पंखा-रेडिओचं, सहा अँपिअरचं. मध्ये बाजारात मिळतो तसला कन्व्हर्टर बसवलेला. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. सहाच्या सॉकेटातली पितळी पट्टी रोज तापून तापून सैल झाली होती, तिच्यावर काळा थर चढला होता. थंड असताना आणि मीटरच्या चिमूटभर करंटला ती गोड बोलायची. आठ अँपिअर वाहायला लागले आणि पट्टी तापून पसरली की पकड सुटायची, करंट अधूनमधून तुटायचा आणि पाणी कोमटच राहायचं. दोन्ही कारागिरांनी थंड गिझर तपासला होता. त्यांचे मीटर खोटं बोलले नव्हते, त्यांनी चुकीच्या वेळी विचारलं होतं.

एवढं झालं तरी गिझर ही सोपी वस्तू. तिच्यात ओहम एके ओहम असतो. गणित फसतं ते मोटरीपाशी.

पाच हॉर्सपॉवरची विहिरीवरची मोटर घ्या. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून पाटीवर ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर असं असतं. नवीन पोरगा वाइंडिंगचा दावणीचा ओहम घेतो, तीन-साडेतीन भरतो, आणि ४१५ ला त्याने भागून शंभराच्या वर अँपिअर काढतो. मग घाबरतो. मोटरीतली तांब्याची गुंडाळी लोखंडाच्या पोटात असते, आणि फिरणारं चुंबकत्व आलेल्या व्होल्टेजला उलट रेटा देतं. करंट रोखण्याचं बहुतेक काम तो रेटा करतो, तांब्याचा रोध अगदी थोडं. मोटर सुरू होण्याच्या क्षणी शाफ्ट उभा असतो, म्हणून तेव्हा पाच-सहापट करंट ओढला जातो. गाळ अडकून मोटर जाम झाली तर तो पाच-सहापट करंट तसाच राहतो आणि काही मिनिटांत वॉर्निश उकळायला लागतं.

व्होल्टेज उतरलं की गिझर आणि मोटर अगदी उलट वागतात, आणि वस्तादांच्या दुकानाचा निम्मा गल्ला या उलट वागण्यावर भरायचा. संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की गिझर मुकाट्याने कमी घेतो. १८० भागिले साडेसव्वीस, पावणेसात अँपिअर. वॅट उरतात सव्वाबाराशे. पाणी उशिरा तापतं, पण गिझरला काही होत नाही. मोटरीवर मात्र विहिरीतल्या पाण्याचं ओझं तेवढंच असतं. पाणी वर चढवायचंय, मग व्होल्ट कमी आहेत तर ती अँपिअर जास्त ओढते. ४१५ चे ३४० झाले तर साडेसाताचे सव्वानऊच्या आसपास होतात. वाढ चौथाईपेक्षाही कमी दिसते. पण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी सोडून माणूस झोपतो, आणि मोटर पहाटेपर्यंत आतून शिजत राहते.

यावर उपाय स्टार्टरमध्येच असतो, ओव्हरलोड रिले. करंट वाढला की तो मोटर बंद करतो. पण बारा वाजता उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचा कंटाळा कोणालाही येणार. म्हणून रिलेची खूण वर सरकवली जाते, नाहीतर त्यात काडी खोचली जाते. लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारे ऑटो स्विच बसवले जातात. मग लाईट आल्या आल्या एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, प्रत्येक आपला पाच-सहापट करंट मागते, डीपीचं व्होल्टेज बसतं आणि कोणाचीच मोटर धड उचलत नाही. शिव्या वीज कंपनीला बसतात. कधी त्या रास्त असतात, कधी नसतात.

एका शेतकऱ्याच्या मोटरीचं वाइंडिंग वस्तादांनी एका उन्हाळ्यात तीनदा भरलं. तिसऱ्या वेळी पैसे घ्यायला त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी या पोराला विहिरीवर पाठवलं. डीपीपाशी व्होल्टेज बरं होतं. विहिरीवर मोटर चालू असताना तेच ३५ व्होल्टनी कमी. डीपी ते विहीर अंतर पावलांनी मोजलं, तीनशे मीटर. केबल दीड स्क्वेअर एमएमची. दीड स्क्वेअरचं एक मीटर तांबं घेतलं तर त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका, कोणी विचारातही घेणार नाही. पण तीनशे मीटरला तो साडेतीन ओहमपर्यंत जातो, म्हणजे मोटरीच्या वाइंडिंगएवढाच. साडेसात अँपिअरवर तीन वायरींत मिळून पाचशे ऐंशी वॅट नुसत्या केबलमध्ये सांडत होते. चार स्क्वेअरची केबल टाकली असती तर तूट तेरा-चौदा व्होल्टवर आणि सांडणारे वॅट सव्वादोनशेच्या आत आले असते. शेतकऱ्याने घरी जाऊन हिशेब केला: तीन वेळच्या रिवाइंडिंगच्या पैशांत निम्मी केबल आली असती. चार स्क्वेअर टाकली. ती मोटर पुन्हा दुकानात आली ती बेअरिंगसाठी, चार वर्षांनी.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा दुसरा त्रिकोणही असाच एका जागी तोकडा पडला. जुन्या जाड ट्यूबलाईटवर तांब्याचा चोक असायचा. टाँग टेस्टर लावला तर करंट ०.४ अँपिअर. गुणाकार केला की ब्याण्णव. ट्यूबवर लिहिलेलं ४० वॅट. एका हॉटेलमालकाने त्यावरून रान उठवलं होतं की ट्यूब दुप्पट वीज खातात आणि मीटर पळतो. घरातला मीटर ब्याण्णव मोजत नव्हता. ट्यूब आणि चोक मिळून खरा खप पन्नास-पंचावन्नच्या घरात असतो. चोक काही करंट घेतो आणि क्षणभराने परत करतो. तो वायरींतून नुसता ये-जा करतो, वायरी तापवतो, पण घरगुती मीटर त्याचं युनिट लावत नाही. गिझर, इस्त्री, तारेचा बल्ब यांना गुणाकार चालतो. चोक, मोटर, पंखा आले की गुणाकारातून थोडं वजा करावं लागतं, आणि किती ते पॉवर फॅक्टर सांगतो. म्हणूनच साडेसात अँपिअरच्या मोटरीचे वॅट काढताना ४१५ गुणिले साडेसात एवढ्यावर भागत नाही. तीन फेजसाठी १.७३२ आणि पॉवर फॅक्टरचे ०.८ असा आणखी गुणाकार करावा लागतो. तेव्हा कुठे मोटरीने ओढलेले ४.३ किलोवॅट हाती येतात. त्यातले ३.७ शाफ्टवर येतात, बाकीचे उष्णता होऊन जातात.

वायरमनने हॉटेलमालकाला समजवायला गणित वापरलं नाही. त्याला मीटरसमोर उभं केलं. तेव्हा चकतीचे मीटर होते, फेरे मोजायचे. आताच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची आणि एक मिनिट मोजायचं. एका मिनिटात चाळीस झाल्या तर ती वस्तू साडेसातशे वॅट घेते आहे. टाँग टेस्टर नसलेल्या माणसालाही हे जमतं, आणि यात पॉवर फॅक्टरची भानगड मीटरनेच निस्तरलेली असते.

वस्ताद आता थकले, दुकान त्यांचा मुलगा बघतो. वायरमनच्या हाताखाली स्वतःचा पोरगा आहे, आयटीआय झालेला. तो कागदावर भागाकार करत नाही, मोबाइलवर करतो. मीटर आकड्यांचा आहे, काट्याचा नाही. पण कोणतीही वस्तू तपासायला घेतली की पोरगा आधी ओहमची खूण फिरवतो, आणि वायरमन म्हणतो, "हे दावणीचं झालं. आता घाटात सोड."

त्या वस्तीवर त्याने सहाचं सॉकेट काढून नवं सोळाचं बसवलं, आतल्या वायरी आणि स्क्रू घट्ट केले, कन्व्हर्टर स्वतःच्या पिशवीत टाकला, परत कोणाच्या हाती लागू नये म्हणून. गिझर पुन्हा दहा मिनिटं चालवला. टर्मिनलवर २२० व्होल्ट, करंट ८.३ अँपिअर. नववीतल्या पोरीने त्याच पानावर भागाकार केला, साडेसव्वीस ओहम. मग गुणाकार, सव्वाअठराशे वॅट. गिझर नवा घ्यावा लागला नाही.

तुमच्या घरी गिझर असेल तर उद्या सकाळी वीस मिनिटं चालल्यावर स्विच बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगची पाठ चाचपून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं किंवा वास आला, तर प्लग पुन्हा लावू नका. वायरमनला बोलवा आणि त्याला एलिमेंटच्या आधी सॉकेट बघायला सांगा, तेही गिझर दहा मिनिटं चालवून, त्याच्या मीटरने.